पोरगी पोहते, परदेशी कॉलेज हवंय : कायद्याचे कागद आणि परकी भाषा, कधी काय करायचं

सगळ्यात आधी नववीची मार्कशीट शोधून काढा. हो, नववीचीच, जी आपण बोर्डाची नाही म्हणून माळ्यावरच्या बॅगेत कुठेतरी टाकून देतो आणि मग घर बदलताना रद्दीत जाते. अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचं असेल तर तिथल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांचा खेळ एनसीएए नावाची संस्था बघते, आणि ती मुलाचा अभ्यास नववीपासून मोजते. नववीचा कागद नसला की बारावीला कितीही टक्के असू देत, फाइल पुढे सरकत नाही. आमची अशीच अडकली होती, शाळेकडून दुसरी प्रत मिळायला पावणेदोन महिने गेले आणि त्या पावणेदोन महिन्यांत मला रात्री झोप नव्हती.

माझी मुलगी पाचवीपासून पोहते, इथे बडोद्यात, आधी सरदारबागेत, मग लालबाग स्विमिंग पूलला, पहाटे साडेपाचची बॅच आणि मी बाहेर बाकावर थर्मास घेऊन. आता ती तिकडे डिव्हिजन टूच्या (एनसीएए कॉलेजांचे वन, टू, थ्री असे तीन गट करते) एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, कुठकुठून आयांचे फोन येतात की ताई काय काय लागतं हो, म्हणून एकदाच सगळं बसून लिहिते. मी वकील नाही, पण यातला प्रत्येक कागद मी स्वतः वाचलाय, काही तर चार-चारदा. आणि त्यातून मला एकच गोष्ट कळली ती अशी की खेळातला कुठलाही कागद हातात आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे, हा कुठल्या भाषेत आहे आणि याची तारीख कधीची आहे. बहुतेक मुलांचं नुकसान या दोनपैकी एका ठिकाणी होतं, पाण्यात नाही होत.

भाषा कधी आणि कुठली

एनसीएएचा हिशोब असा आहे की एक विषय एक वर्ष शिकला की एक युनिट, आणि अशी १६ युनिटं लागतात. डिव्हिजन वनला ४ वर्षं इंग्रजी, ३ गणित, २ सायन्स, १ या तिन्हींपैकीच जास्तीचं, २ सामाजिक शास्त्रं, आणि उरलेली ४ अशी की ज्यात वरचेच विषय चालतात किंवा परकी भाषा चालते. डिव्हिजन टूला पण १६च, वाटणी थोडी वेगळी. म्हणजे परकी भाषा सक्तीची नाही, पण मोजली जाते, हे नीट लक्षात घ्या.

आता आपल्याकडे काय होतं, अकरावीला गेलं की खेळाडू मूल हमखास पाचवा विषय फिजिकल एज्युकेशन घेतं, शाळासुद्धा तेच सांगते, मार्क चांगले पडतात, प्रॅक्टिकल सोपं जातं. एनसीएए तो विषय धरतच नाही. दोन वर्षं शिकलेला विषय शून्य. त्याच जागी फ्रेंच किंवा जर्मन घेतली असती तर दोन युनिटं झाली असती, आणि विशेषतः कॉमर्सच्या मुलांना हे फार लागतं कारण त्यांचं सायन्स दहावीलाच सुटलेलं असतं. सीबीएसईमध्ये फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी सगळ्या आहेत, शाळेत शिक्षक आहे का एवढाच प्रश्न असतो, तो आठवीच्या दिवाळीतच जाऊन विचारा. मी अकरावीच्या जूनमध्ये विचारला, तेव्हा यादी बंद झाली होती.

एनसीएए वेगळं आणि कॉलेजचं अ‍ॅडमिशन वेगळं, हे लोक मिसळून टाकतात. एनसीएए म्हणते खेळायला पात्र आहे, कॉलेज म्हणतं शिकायला घेतो, दोन्ही हो पाहिजेत. कॉलेजची भाषेची अट स्वतःची असते. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सगळ्या कॅम्पसना शाळेत इंग्रजीशिवाय दुसरी एक भाषा २ वर्षं शिकलेली लागते, ३ असली तर उत्तम म्हणतात. पण इथेच आपल्या मराठी किंवा गुजराती माध्यमाच्या मुलांचा फायदा आहे जो कोणी सांगत नाही, सहावीपासून पुढे दोन वर्षं इंग्रजी नसलेल्या माध्यमात शिकलं असेल तर ती अट पूर्ण झाली असं ते धरतात, फक्त शाळेचं माध्यम कागदावर स्पष्ट लिहिलेलं हवं. आपण माध्यम सांगायला लाजतो आणि तिकडे ते मोजून घेतात. बऱ्याच ठिकाणी डिग्रीसाठीसुद्धा परकी भाषेची अट असते, तिथेही मातृभाषेची परीक्षा देऊन सूट मिळते का हे ईमेलने विचारायचं, फोनवर नाही, ईमेलच, म्हणजे उत्तर जपून राहतं.

कुठली भाषा, तर माझं मत असं की मैत्रिणीने घेतली म्हणून घेऊ नका, आपला खेळ जगात कुठे चालतो ते बघा. टेबल टेनिसवाल्याला जर्मन उपयोगी, आपले शरत कमलसारखे खेळाडू जर्मनीच्या लीगमध्ये खेळलेत. फुटबॉल-टेनिसला स्पॅनिश. तलवारबाजीत तर रेफ्री आजही फ्रेंचमध्येच ओरडतो, आँ गार्द, प्रे, आले. आणि युरोपात शिकायचं असेल तर भाषा हीच खरी प्रवेश परीक्षा आहे. तिकडे भाषेच्या ए वन ते सी टू अशा सहा पायऱ्या असतात, फ्रान्समध्ये फ्रेंचमधून शिकायला साधारण बी टू लेव्हल मागतात, जर्मनीत जर्मनमधून बॅचलर करायला बहुतेक सी वन, आणि ए वनपासून तिथवर पोचायला खेळ सांभाळून तीन-चार वर्षं सहज जातात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, पण लागतं. शिवाय तिकडे खेळ कॉलेजात नसतो, गावच्या क्लबात असतो, त्यामुळे स्पोर्ट्स स्कॉलरशिप शोधत बसू नका, अमेरिकेसारखं तिथे काही नाही.

बडोद्यात शिकायला सोय आहे, आपल्या एम एस युनिव्हर्सिटीत, घुमटवाल्या आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंच, जर्मन आणि रशियन तिन्हीचे विभाग आहेत, तिथे जाऊन बाहेरच्यांसाठी काय कोर्स आहे ते प्रत्यक्ष विचारा. परीक्षा देताना तारखेचा प्रश्न परत आलाच बघा. फ्रेंचची डेल्फ आणि स्पॅनिशची डेले एकदा पास झाली की कायमची. इंग्रजीची टोफेल, आयेल्ट्स आणि ड्युओलिंगो मात्र २ वर्षंच चालते. म्हणून डेल्फ लवकर देऊन टाका आणि टोफेल बारावीच्या सुमाराला द्या, उलटं करू नका. आमच्या ओळखीच्या एका मुलाने उत्साहात दहावीच्या सुट्टीतच टोफेल दिली आणि अर्ज करायच्या वेळी ती संपलेली, परत फी भरली.

नावाचा घोळ

हे गुजरातेतल्या मराठी घरांसाठी खास लिहिते. माझ्या मुलीच्या एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, वडिलांच्या नावाला भाई लावलेलं होतं. पासपोर्टवर भाई नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर ती तीन नावं दोन रकान्यांत वेगळ्याच क्रमाने. वरून आपली आडनावं शाळेत कोणीतरी ऐकून लिहिलेली असतात, कुलकर्णीचं कुलकरणी होतं, शिंदेचं सिंदे होतं. इथे बडोद्यात कोणाला काही वाटत नाही, पण तिकडे बसलेल्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. खेळात तर आणखी वाईट, कारण वयचोरीचा संशय पहिला नाव आणि जन्मतारखेवरूनच येतो.

तर जन्माचा दाखला, आधार, एलसी, मार्कशीट, पासपोर्ट आणि फेडरेशनचं ओळखपत्र, सहाच्या सहा टेबलावर ओळीने मांडा आणि एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती शाळेपासून सुरू करायची आणि मूल शाळेत असतानाच करायची, बारावी झाली की तेच काम दहापट लांबतं. गुजराती कागदाचं इंग्रजी भाषांतर स्वतः करून पाठवू नका, भाषांतरकाराची सही, शिक्का आणि भाषांतर अचूक असल्याचं एक वाक्य लागतं, आणि मूळ गुजराती प्रत सोबत लागतेच. नोटरीचा शिक्का म्हणजे भाषांतराचा दाखला नाही, नोटरी फक्त सही कोणी केली एवढंच सांगतो. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र खात्याचा शिक्का, कोणी मागितलं तरच करा, आधीपासून पैसे घालवू नका.

औषधाची बाटली

हा भाग मी सगळ्यात मनापासून लिहितेय. राष्ट्रीय स्पर्धेला नऊ दिवस होते, पोरगी खोकून खोकून बेजार, आजींनी आल्याचा काढा दिला, हळद-दूध झालं, शेवटी रात्री घराजवळच्या मेडिकलमधून हे नेहमीचं खोकल्याचं सिरप घेऊन आले. पहिला चमचा भरला होता. तीच म्हणाली, आई थांब, कॅम्पमध्ये सांगितलंय लेबल वाचायचं. लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलचा टॉर्च लावून तिने मोठ्याने वाचलं, टर्ब्युटालिन सल्फेट १.२५ मिलिग्रॅम, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. शेवटची दोन चालतात. पहिलं बंदी असलेलं आहे, स्पर्धा असो नसो, बाराही महिने. तो चमचा मी सिंकमध्ये ओतला तेव्हा माझा हात थरथरत होता.

ही काही दूरची गोष्ट नाहीये. आपल्याच बडोद्याच्या युसुफ पठाणची मार्च २०१७ मध्ये एका देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत टेस्ट झाली, हेच टर्ब्युटालिन सापडलं, बीसीसीआयने मान्य केलं की चुकून गेलं, खोकल्याच्या औषधातून जातं, तरीही ५ महिन्यांची बंदी लागली. दोन वर्षांनी २०१९ मध्ये पृथ्वी शॉचा नमुना इंदूरला मुश्ताक अली ट्रॉफीच्या वेळी घेतला, पुन्हा तेच औषध, ८ महिने गेले. एवढ्या मोठ्या खेळाडूंचं होतं तर आपलं मूल कुठे.

कायदा इथे सरळ आहे, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरांनी दिलं, आईने पाजलं, हे सांगून शिक्षा कमी होऊ शकते पण प्रकरण मिटत नाही. आपल्याकडे हे काम नाडा ही डोपिंग रोखणारी राष्ट्रीय संस्था बघते आणि २०२२ पासून त्याला संसदेने केलेला कायदा आहे. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य हेच, डॉक्टर, ही खेळाडू आहे, हिची डोप टेस्ट होऊ शकते. दम्याची मुलं पोहण्यात खूप असतात, त्यांनी हे पाठ करा की सॅल्ब्युटामॉलचा पंप चालतो पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंतच आणि त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही, म्हणजे १०० च्या पंपाचे सहा दाब. नेब्युलायझर लावला तर एकाच वेळी २५०० मायक्रोग्रॅम औषध घालतात, हिशोब तिथेच मोडतो. असं औषध खरंच लागत असेल तर टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट आधी मागायची, तिच्यासाठी दवाखान्याचे केसपेपर, रिपोर्ट, सगळं इंग्रजीत लिहून घ्या, सुरुवातीपासूनच.

टेस्टच्या वेळी फॉर्मवर मागच्या ७ दिवसांतली औषधं लिहायची जागा असते, तिथे क्रोसिन घेतली असेल तर क्रोसिन, सगळं लिहायचं. अठराच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस थांबू शकतं, हा हक्क आहे, संकोच करू नका, विशेषतः मुलींच्या आयांनी. आणि जिममधल्या दादाने दिलेली पावडर, बॉडी बनवायची गोळी, हे काहीही घरात येऊ देऊ नका, आत काय आहे ते डब्यावर लिहिलेलंच असेल असं नाही.

सही करण्याआधी

आता कन्सल्टंट. अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणणारे खूप झालेत, काही खरंच चांगले आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी बारा पानांचं इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट पुढे ठेवलं आणि चहा येईपर्यंत सही करून टाका म्हणाले. यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पेन काढलंसुद्धा. मी म्हटलं घरी नेऊन वाचते. नवव्या पानावर होतं की जी स्कॉलरशिप मिळेल तिच्या दहा टक्के फी. एनसीएएच्या नियमात अशी सेवा घेता येते पण फी स्कॉलरशिपच्या रकमेवर ठरवलेली चालत नाही, तसं केलं की तो माणूस एजंट धरला जातो आणि मुलाची पात्रता धोक्यात येते. पोहून मिळवलेलं सगळं त्या एका ओळीत गेलं असतं. आम्ही ती ओळ खोडून ठरावीक रक्कम तीन हप्त्यांत अशी लिहून घेतली, आणि वाद झाला तर कुठल्या शहरात, तिथे दुसऱ्या राज्याचं नाव होतं ते काढून वडोदरा घातलं.

मुलाची सही १८ च्या आत असेल तर आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तो करारच होत नाही, १९०३ पासून कोर्टांनी हे पक्कं केलंय. पण म्हणून निश्चिंत राहू नका, कारण हे त्यांनाही माहीत असतं, म्हणूनच ते पालकांची सही घेतात आणि मग अडकतो तो बाप. तुमच्या सहीच्या वर काय लिहिलंय, मुलाच्या वतीने की स्वतःची जबाबदारी म्हणून, ते शब्द वकिलाला दाखवा. वकिलाची हजार-दोन हजार फी इथे वाचवू नका.

कॉलेजकडून जो कागद येतो त्याबद्दल जुने व्हिडिओ बघून नॅशनल लेटर ऑफ इंटेंट शोधू नका, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा करार असतो. त्यात बघायचं की मदत एका वर्षाची आहे की पूर्ण डिग्रीची, दुखापत झाली तर काय, आणि राहणं-जेवण धरलंय का. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगवाले, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ जुनी कॉलेजं, खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, कोणी तसं सांगत असेल तर तिथूनच उठून या.

पैशाचं आणखी एक. इथे स्पर्धांत रोख बक्षीस मिळतं, ते घेण्याआधी तुमच्या खेळाला एनसीएएची मर्यादा काय ते बघा, आणि प्रवास, राहणं, एंट्री फी, कोच यांच्या पावत्या वर्षाप्रमाणे पाकिटात ठेवा, बक्षीस खर्चात गेलं हे दाखवावं लागू शकतं. तिकडे गेल्यावर १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, जून २०२५ च्या एका सेटलमेंटनंतर तर कॉलेज थेट पैसे देऊ शकतं, आणि मुलांच्या डोक्यात हेच असतं. पण आपली मुलं एफ वन या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर जातात, त्यात टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, एवढीच साधारण मोकळीक. टीममधली अमेरिकन मैत्रीण प्रोटीन पावडरची रील करून पैसे घेते म्हणून आपलीने केली तर व्हिसाच जाऊ शकतो, आणि पावडर घेतली तर डोपिंग वेगळंच. असं काहीही आलं की आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला लेखी विचारायचं.

फुटबॉलवाल्यांसाठी दोन ओळी. १८ च्या आत परदेशी क्लबमध्ये रजिस्ट्रेशन फिफा होऊच देत नाही, थोडे अपवाद सोडून, जसं आई-वडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे गेले किंवा शाळेचा एक्सचेंज प्रोग्रॅम, तो पण जास्तीत जास्त एक वर्ष आणि हौशी क्लबमध्येच. त्यामुळे पंधराव्या वर्षी स्पेनच्या क्लबमध्ये टाकतो असं म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि करार स्पॅनिशमध्ये आला तर शेजारी इंग्रजी रकाना मागा, आणि दोन्हींत फरक निघाला तर कुठली भाषा खरी धरायची ते वाक्य त्यात आहे का बघा. ते नसेल तर तिथले लोक त्यांच्याच भाषेतलं खरं म्हणणार.

वाद झालाच तर

सिलेक्शनमध्ये डावललं, वयावरून काढलं, बंदी लागली, काहीही होवो, फेडरेशनचा लेखी निर्णय मागा. तोंडी निर्णयावर अपील कसं करणार. २०२५ चा नॅशनल स्पोर्ट्स गव्हर्नन्स कायदा झालाय, त्यात खेळातल्या वादांसाठी वेगळ्या ट्रिब्युनलची आणि खेळाडूंच्या तक्रारींची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय प्रकरण असेल तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कास नावाचं खेळांचं लवाद कोर्ट आहे, विनेश फोगटचं १०० ग्रॅमचं प्रकरण २०२४ मध्ये पॅरिसला त्याच्याच तात्पुरत्या विभागापुढे गेलं होतं. तिथे कामकाज इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये चालतं, गुजराती सर्टिफिकेट तसंच्या तसं चालणार नाही.

आणि मुदत. फेडरेशनच्या नियमात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कासकडे अपील करायला निर्णय हातात पडल्यापासून २१ दिवस मिळतात. हातात पडल्यापासून, म्हणून पत्र पोस्टाने आलं तर पाकीट फाडून फेकू नका, त्यावर शिक्का असतो, ते पत्राला टाचणीने लावून ठेवा, आणि ईमेलने आलं तर उघडल्या उघडल्या तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून वडिलांच्या फोनवर पण पाठवा. स्पॅम फोल्डर रोज बघायचं, आमच्या घरी ते काम आजोबांकडे होतं.